हातातली चिप, गळ्यातलं कार्ड आणि उशाजवळचं यंत्र

प्रश्न : माझा मेहुणा स्टॉकहोमला असतो. त्याने अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात तांदळाएवढी चिप टोचून घेतली आहे आणि ऑफिसचं दार तो तिनेच उघडतो. त्यावरून घरात वाद सुरू आहेत. सासरे म्हणतात, उद्या सरकार सगळ्यांनाच अशी चिप टोचेल आणि कोण कुठे आहे ते उपग्रहावरून बघत बसेल. दरम्यान माझ्या कंपनीत (चाकणजवळ कारखाना आहे) नवी ओळखपत्रं आली आहेत. ती मशीनला लावावी लागत नाहीत, गळ्यात असली तरी गेटवर आपोआप वाचली जातात. शिवाय सासऱ्यांना पेसमेकर आहे आणि त्याचं एक छोटं यंत्र त्यांच्या उशाशी ठेवलेलं असतं. यातलं खरोखर काळजीचं काय आहे?

उत्तर : मेहुण्याच्या हातापासून सुरुवात करते, कारण तुम्ही विचारलेल्या गोष्टींत सगळ्यात निरुपद्रवी तोच आहे.

त्याच्या कातडीखाली असेल ती साधारण २ मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब अशी काचेची कुपी. आत सिलिकॉनचा एक कण आणि त्याला जोडलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. बॅटरी नाही. दाराजवळच्या रीडरमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर पडत असतं. हात त्याच्याजवळ गेला की वेटोळ्यात थोडीशी वीज तयार होते, चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि हात बाजूला घेतला की पुन्हा मेल्यासारखी पडून राहते. हे क्षेत्र अंतर वाढेल तसं झपाट्याने मरतं. अंतर दुप्पट झालं की जोर जेमतेम एक अष्टमांश उरतो. म्हणून अशी कुपी वाचायला रीडर जवळजवळ टेकवावा लागतो आणि कोन जरा चुकला तर माणूस दारासमोर हात फिरवत उभा राहतो. मेहुण्याला विचारा, हे तोही कबूल करेल.

आता उपग्रह. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत फिरतात, बस. खाली कोण ऐकतंय याचा त्यांना पत्ता नसतो. ऐकणाऱ्या यंत्राने आपली जागा स्वतः काढायची, आणि ती तिसऱ्या कुणाला कळवायची असेल तर माहिती बाहेर पाठवणारा मॉडेम हवा, अँटेना हवा, बॅटरी हवी. हे सगळं तांदळाएवढ्या काचेत मावत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली होती आणि काही टीव्हीवाल्यांनीही ती चालवली. म्हणे जमिनीखाली १२० मीटर पुरलेली नोटसुद्धा सापडणार! रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. पुढे हीच चिप करोनाच्या लशीत शिरली, गोष्ट तीच, फक्त पात्रं बदलली.

तरी सासऱ्यांना अगदीच वेड्यात काढू नका. अफवेच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. जपानच्या हिताची कंपनीने ०.४ मिलिमीटर चौरस आकाराची ‘म्यू-चिप’ बनवली होती आणि २००५ च्या आइची इथल्या जागतिक प्रदर्शनाच्या तिकिटांत ती वापरलीही गेली. २००७ मध्ये त्यांनी ०.०५ मिलिमीटरची चिप दाखवली. चिमटीत घेतली तर पूड वाटावी इतकी बारीक. छायाचित्रं जगभर गेली आणि लोकांना वाटलं, आता ही पूड अंगावर शिंपडली की संपलंच. चिप लहान करता येते, अँटेना मात्र तिच्या मागोमाग तेवढा लहान होत नाही. म्यू-चिपलाही काही सेंटिमीटरचा अँटेना जोडला तरच ती वीतभर अंतरावरून वाचता यायची. शिवाय ती ज्या लहरींवर चालायची त्या पाण्यात शोषल्या जातात, आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे.

मग शरीरातल्या चिपवर आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण तो पाळत ठेवण्याचा नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ‘व्हेरिचिप’ नावाच्या कुपीला मान्यता दिली. त्यात १६ अंकी क्रमांक असायचा. हेतू असा की बेशुद्ध रुग्ण दवाखान्यात आला तर क्रमांकावरून त्याची वैद्यकीय माहिती काढता यावी. त्याच वर्षी मेक्सिकोच्या अॅटर्नी जनरलनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ती टोचून घेतली, बार्सिलोनाच्या एका नाइटक्लबने खास पाहुण्यांना टोचली. २००६ मध्ये सिनसिनाटीतल्या एका कंपनीत दोन कर्मचाऱ्यांनी ती सर्व्हरच्या खोलीची किल्ली म्हणून घेतली. आणि त्याच वर्षी जोनाथन वेस्टह्यूस या इंजिनिअरने घरी बनवलेल्या उपकरणाने तिची नक्कल करून दाखवली. चिपमध्ये ना कूटलेखन (एन्क्रिप्शन) होतं, ना पासवर्ड. विचारेल त्याला क्रमांक सांगायची.

वेस्टह्यूस आणि त्याच्या सहसंशोधकांनी यावर मांडलेलं मत मला फार पटतं. ते म्हणाले, नक्कल करता येते तेच बरं आहे. ही चिप ओळख सांगायला वापरा, कुलूप उघडायला वापरू नका. कारण नक्कल न होणारी किल्ली शरीरात असेल, तर चोराला किल्ली मिळवण्यासाठी शरीरच ताब्यात घ्यावं लागेल. कार्ड चोरीला गेलं तर पाच मिनिटांत दुसरं देता येतं. हातातल्या किल्लीचं गुपित फुटलं तर डॉक्टर गाठावा लागतो. व्हेरिचिपची विक्री २०१० मध्ये बंद झाली. मधल्या काळात प्रयोगशाळेतल्या उंदरांना चिपच्या जागी गाठी झाल्याच्या बातम्याही आल्या होत्या. त्यावरून माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही, पण गिऱ्हाइकं बिचकली.

स्वीडनमध्ये ही हौस चालली, कारण तिथे ती हौसच होती. नको वाटलं तर कार्ड वापरा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रिव्हर फॉल्सच्या एका कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये पन्नासेक कर्मचाऱ्यांना चिपा टोचल्या, त्याही त्यांच्या इच्छेनेच. विस्कॉन्सिनने सक्तीने चिप टोचण्यावर २००६ मध्येच कायद्याने बंदी घातली होती. पुढे नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्नियानेही घातली.

आता तुमच्या गळ्यातल्या कार्डाकडे येऊ. माझा धंदाच हा आहे, कारखान्यांत आणि ऑफिसांत गेट, दारं आणि हजेरीची यंत्रणा बसवायचा. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कार्डं मुख्यतः तीन जातींची. जुनं, जाडसर, १२५ किलोहर्ट्‌झवालं. ते रीडरला टेकवावं लागतं. दुसरं १३.५६ मेगाहर्ट्‌झचं, मेट्रोच्या आणि बँकेच्या कार्डांसारखं. तेही चार बोटांवरूनच चालतं. आणि तिसरं यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारितेच्या लहरींवर चालणारं, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ज्या पट्ट्यात चालतो तेच. तुमचं कार्ड गळ्यात असताना वाचलं जातं म्हणजे ते तिसऱ्या जातीचं. छतावरच्या अँटेनाने ते चार-पाच मीटरवरून सहज वाचतं, चांगला रीडर असेल तर आणखी लांबून. मेहुण्याला दार उघडायला निदान हात पुढे करावा लागतो, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. त्याच्या कातडीखालच्या चिपपेक्षा तुमच्या गळ्यातलं कार्ड तुमच्याबद्दल कितीतरी जास्त बोलतं.

पण तेही स्वतः होऊन काही बोलत नाही. कार्डात एक क्रमांक असतो, नाव नाही, खातं नाही, पगार नाही. रीडर तो क्रमांक वाचतो आणि सर्व्हरवर एक ओळ पडते : क्रमांक, रीडर, तारीख, वेळ. तो क्रमांक कुणाचा, हे एचआरच्या तक्त्यात असतं. दोन्ही एकत्र केले की तुमचा दिवस तयार. म्हणून चिप केवढी आहे हे मी कधी विचारत नाही. रीडर कुठे कुठे आहेत, ओळी किती दिवस ठेवता आणि त्या कोण बघतो, हे विचारते.

गेटवर एक रीडर असेल तर ते नुसतं मस्टर झालं. दुसरा कॅन्टीनच्या दाराशी लागला की जेवायला किती वेळ लागतो ते कळतं. तिसरा स्वच्छतागृहाच्या बोळात लावायची मागणी येते तेव्हा मी नाही म्हणते. अशी मागणी येते बरं का, आणि ती करणारा माणूस खलनायक नसतो. त्याला वरून ‘प्रॉडक्टिव्हिटी’चा आकडा मागितलेला असतो.

एका कारखान्यात असेंब्ली लाइनच्या दोन्ही टोकांना यूएचएफ अँटेना लावलेले होते. कोण लाइनवर किती मिनिटं होतं याचा रोजचा रिपोर्ट निघायचा. त्यात एक बाई सकाळी जवळपास तीन तास ‘बाहेर’ दिसली. सुपरवायझर सांगत होता की ती मशीनवरच होती, मी स्वतः बघितली. पण रिपोर्ट छापील होता, त्यामुळे मेमो तयार झाला. आम्हाला बोलावलं तेव्हा मी तिच्या जागी जाऊन उभी राहिले. ती वाकून काम करायची, कार्ड गळ्यातून पुढे लोंबायचं आणि तिचं शरीर आणि समोरच्या फिक्श्चरचा (सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीचा) पोलादी पत्रा यांच्या मध्ये अडकायचं. मागून शरीरातलं पाणी लहरी शोषतंय, पुढून पत्रा परतवतोय. अँटेनाच्या दृष्टीने ती बाई तिथे नव्हतीच. कार्ड दंडावर बांधायला दिलं, नोंद सुरू झाली. मेमो फाडला गेला, कारण तिचा सुपरवायझर बोलणारा होता.

हे मुद्दाम सांगितलं. पाळतीचा धोका म्हटलं की लोकांना वाटतं, यंत्राला सगळं अचूक कळतं. यंत्राला अर्धवट कळतं, आणि माणसाच्या शब्दापेक्षा त्या अर्धवट ओळीवर जास्त विश्वास ठेवला जातो.

जुन्या १२५ किलोहर्ट्‌झच्या कार्डाचं दुखणं वेगळं. तुमच्या सोसायटीच्या गेटचं कार्ड उलटं करून बघा. बऱ्याचदा मागे ‘००१२३४५६७८ १८८,२४९१०’ अशा तऱ्हेचे आकडे छापलेले असतात. दोन्ही आकडे म्हणजे एकच क्रमांक, दोन पद्धतींनी लिहिलेला. त्या कार्डाचं सगळं गुपित म्हणजे तेवढंच, आणि ते कार्डावरच छापलंय. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी गळ्यातल्या कार्डासकट फोटो टाकणाऱ्या मुलांनी कार्डाची मागची बाजू दाखवली तर नक्कल करायला फोटो पुरेसा आहे. हल्ली चौकातला चावीवालाही असं कार्ड काही मिनिटांत करून देतो.

तुमच्या गळ्यातल्या कार्डासारखाच फास्टॅगही माग ठेवतो. फेब्रुवारी २०२१ पासून तो सगळ्या चारचाकींना सक्तीचा झाला आणि आपण तो काचेवर स्वतःच्या हाताने चिकटवला. कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेलात याची ओळ पडते आणि नोंदवलेल्या मोबाइलवर एसएमएस जातो. गाडी बायको चालवते, फास्टॅग नवऱ्याच्या नंबरवर. तळेगावचा टोल कापला गेल्याचा मेसेज वाचून ‘तू तिकडे कशाला गेली होतीस?’ असा फोन येणं, हीसुद्धा पाळतच. पोलीस तपासातही या नोंदी वापरल्या जातात, आणि त्यात गैर काही नाही, फक्त कायद्याने मागून घ्याव्यात.

सक्तीचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यासाठी सुई लागतच नाही. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. त्यात बॅटरीही असते आणि मॉडेमही, त्यामुळे सासऱ्यांनी कल्पिलेलं सगळं ते घड्याळ खरोखर करतं. चंडीगड-पंचकुला भागातल्या महिला कामगारांनी, ते घालून स्वच्छतागृहात जायला भीती वाटते असं सांगितलं होतं. मेहुण्याची चिप वर्तमानपत्रांत झळकते आणि या बायकांचं घड्याळ आतल्या पानावर चार ओळींत संपतं.

कायद्याचं थोडक्यात. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं. त्याआधी २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात, संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही असा निकाल होता. शरीराला हात लावण्यापूर्वी विचारावं लागेल हे तत्त्व त्यात आलं. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की, आरोपीने गुगल मॅपवर आपली जागा पोलिसांना सतत दाखवत राहावी अशी जामिनाची अट घालता येणार नाही. म्हणजे अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीला जे संरक्षण मिळालं, ते रस्ता झाडणाऱ्या बाईला अजून मागावं लागतंय.

कंपनीच्या बाबतीत लागू होतो तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. शिवाय कलम ७ मध्ये एक भली मोठी खिडकी उघडी आहे : नोकरीशी संबंधित कारणांसाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर तुमची संमती घ्यायची गरज नाही. माझ्या मते कायद्यातली सगळ्यात कच्ची जागा हीच. त्यामुळे ‘मी संमती दिली नाही’ म्हणून फार उपयोग होणार नाही. एचआरला ईमेलवर साधे प्रश्न विचारा : गेटशिवाय आणखी कुठे रीडर आहेत, नोंदी किती दिवस ठेवता, शिफ्ट संपल्यावरच्या नोंदींचं काय करता, आणि नोंद चुकली तर दुरुस्त कोण करतं. युनियन असेल तर तिच्यामार्फत विचारा. लेखी प्रश्न आला की निम्म्या ठिकाणी ‘तेवढं नाही ठेवत आम्ही’ असं उत्तर देता यावं म्हणून खरोखर जुन्या नोंदी पुसल्या जातात, हा अनुभव आहे. कारखान्याबाहेर कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर कुणी वाचू शकत नाही. डबा कंपास पेटीचाही चालेल, त्यासाठी महागडं पाकीट घेऊ नका.

घरातल्या घरात चोरून माग काढायचा असेल तर लोक अंगात टोचायच्या चिपच्या नादी लागत नाहीत. ते अॅपल कंपनीच्या एअरटॅगसारखी टिकली पर्समध्ये टाकतात. एप्रिल २०२१ मध्ये आलेली ही चकती दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी असते, आसपासच्या अनोळखी लोकांच्या आयफोनमार्फत आपली जागा मालकाला कळवते आणि एका सेलवर वर्षभर चालते. मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर, अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत असेल तर सूचना येते. अशी सूचना आली तर टॅग रागाने फेकून देऊ नका. मागचा स्टीलचा भाग दाबून डावीकडे फिरवला की सेल निघतो. आत लिहिलेल्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि पोलिसांकडे द्या. तो नंबर कुणाच्या खात्याला जोडलाय हे त्यांना कंपनीकडून मिळवता येतं. स्त्रीचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

राहिला पेसमेकर. शरीरात बसवलेलं, तुमच्याबद्दल खरोखर काही जाणणारं यंत्र तुमच्या घरात एकच आहे, ते म्हणजे हे. त्यात बॅटरी आहे, स्मृती आहे, रेडिओ आहे. हृदयाचे ठोके केव्हा किती पडले, कधी चुकले, अनेक मॉडेलांत माणूस दिवसभरात किती हालचाल करत होता हेसुद्धा त्यात नोंदलं जातं. उशाजवळचं यंत्र रात्री ते वाचतं आणि मोबाइल नेटवर्कवरून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं. डॉक्टर ते तिथून बघतात. तो सर्व्हर भारतातच असेल असं धरून चालू नका.

या नोंदी साक्षीला उभ्या राहू शकतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिडलटाउन गावी २०१६ मध्ये एका घराला आग लागली. घरमालक म्हणाला, मी धावपळ करून सामान खिडकीतून बाहेर काढलं. पोलिसांनी वॉरंट घेऊन त्याच्या पेसमेकरची नोंद मिळवली, डॉक्टरांनी ती पाहून त्याच्या सांगण्यावर शंका घेतली, आणि न्यायाधीशांनी ती नोंद पुराव्यात घ्यायला परवानगी दिली. स्वतःच्या हृदयाने दिलेली साक्ष फिरवता येत नाही.

हॅकिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सासरे विचारतील. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी असल्याचं जाहीर झालं आणि दुरुस्तीचं अपडेट आलं. ऑपरेशन लागलं नाही, दवाखान्यात जाऊन छातीवर प्रोग्रॅमर नावाचं यंत्र ठेवून काम झालं. त्या त्रुटीमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याचं तेव्हा समोर आलं नव्हतं. म्हणून उशाजवळच्या यंत्राचा प्लग कृपा करून काढू नका, काढू देऊ नका. ठोक्यातला बिघाड डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळणं हे त्या माहितीच्या जोखमीपेक्षा फार मोठं आहे, आणि हे मी यंत्रणा विकणारी म्हणून नाही, नोंदींचा रोज संशय घेणारी म्हणून सांगतेय.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून या. यंत्राचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं, पोर्टलवर सासऱ्यांची माहिती डॉक्टरांशिवाय आणखी कुणाला दिसते, आणि दवाखाना बदलला तर जुन्या दवाखान्याचा प्रवेश बंद कसा करायचा. आणि पेसमेकरचं कार्ड त्यांच्या पाकिटात ठेवा. फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो असेल तर डिलीट करा, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही असतात.